लिंबाजीबाबांची काळी चार

पेटी दुरुस्तीला आली की मी ती आधी वाजवत नाही. झाकण उघडतो आणि नाक आत घालतो. गिऱ्हाईक हसतं, हसू दे. वासावरून निम्मं काम कळतं. ओल्या पोत्यासारखा वास आला तर पेटी पावसाळाभर जमिनीवर राहिलेली असते. उदबत्तीचा आला तर आत काजळीचा थर. आणि नाकात झोंबणारा आला तर उंदीर. मानवतच्या एका भजनी मंडळाच्या पेटीत मला उंदरीण सापडली होती, पाच पिल्लांसकट. भात्याचं कातडं कुरतडून तिनं गादी केली होती. मंडळाचे अध्यक्ष वाकून बघत म्हणाले, "तरीच म्हणलं, कोमल गंधार मधीच चूं चूं काहून करायलाय."

मी पेटी दुरुस्त करतो. पेटी म्हणजे हार्मोनियम. पूर्णा जंक्शनच्या बाजारात माझं दुकान आहे, आठ बाय दहाचं. या अंकाच्या संपादक ताईंनी लिहा म्हणून सांगितलं, तेव्हा मी दोन दिवस त्यांचा फोन उचलला नाही. मी आठवीतून शाळा सोडलेला माणूस. लिहिण्याचं काम म्हणजे पेट्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या. पण नंतर वाटलं, एक गोष्ट आहे जी मी कुणाला नीट सांगितलेली नाही. ती बोलून सांगायला गेलो तर मी मधेच विषय बदलतो. लिहून बघू.

मी मूळचा इकडचा नाही. सावंतवाडीच्या पुढं आमचं गाव, समुद्र दीड तासावर. इथं मेव्हण्याला रेल्वेत नोकरी लागली, त्याच्या मागं आलो आणि राहिलो. आई होती तोवर फोनवर एकच विचारायची, "परत कधी येतलंस?" मी म्हणायचो, "मे महिन्यात." असे पुष्कळ मे महिने गेले. पहिलं वर्ष तर मला इथली भाषाच कळायची नाही. कुणी "आलाव का, जेवायलाव का" म्हटलं की मी नुसता मान हलवायचो, आणि दोन वेळा तशानं परत जेवलो. धंदा शिकलो परभणीत, उस्ताद करीमचाचांकडं. ते निजामाच्या वेळी पेट्या दुरुस्त करणाऱ्या कारागिराचे नातू. त्यांना सिनेमाच्या चालींवर भजन म्हणणारे आवडायचे नाहीत. म्हणायचे, "ये लोग सुर को बाजार में नंगे पाँव भेजते हैं." मला तेव्हा ते जुनाट वाटायचं. आता पाट्यासारखा कीबोर्ड काखेत मारून जाणारी पोरं बघितली की माझ्या तोंडात तसंच काहीतरी येतं, आणि मी ते गिळतो.

बाहेरच्या वाचकासाठी धंदा थोडक्यात सांगतो. पेटीच्या आत लाकडी फळीवर ओळीनं घरं असतात. प्रत्येक घरात पितळेचा एक तुकडा, दोन बारीक स्क्रूंनी बसवलेला. त्याला पातळ जीभ असते. हवा आली की ती थरथरते. त्या तुकड्याला आम्ही सूर म्हणतो. जिभेचं टोक घासलं तर सूर चढतो, बुडाशी घासलं तर उतरतो. बाहेर पांढऱ्या-काळ्या पट्ट्या असतात. गाणारा आपला सा ज्या पट्टीवर धरतो, ती त्याची पट्टी. पांढरी एक, काळी दोन, असं मोजायचं. बहुतेक बाप्ये खालच्या पट्टीत गातात. काळी चार म्हणजे बाप्याला लय वर. तिथं गाणारा माणूस दहा गावांत एखादा.

आणि एक, आमच्या कामात माणसाला खरा सूर हवा असतो असं समजू नका. त्याला आठवणीतला हवा असतो. मानवतकडचे एक जमीनदार शेतकरी दर दिवाळीआधी वडिलांची पेटी घेऊन यायचे. घरात वाजवणारं कुणी नाही. पेटी साफ करून घ्यायचे आणि जाताना बजावायचे, "वरचा पंचम थोडा फाटका वाजतो बगा, त्याला हात लावू नका. दादांच्या वेळंपासून तसाच हाय." मी त्या फाटक्या पंचमाच्या भोवतीनं ब्रश फिरवायचो, जसं झोपलेल्या माणसाभोवती झाडतात. त्यांचा मुलगा एकदा सोबत आला होता. गाडीत त्याचं गाणं इतकं मोठ्यानं लागलेलं की माझ्या फळीवरचे सूर आपोआप गुणगुणायला लागले. वडील म्हणाले, "ह्येला गाणं म्हणतेत का." मुलगा मला डोळा मारून म्हणाला, "काका, मी म्हातारा झालो की ह्या गाडीचा स्पीकर घेऊन तुमच्याकडं येतो. फाटलेलाच ठिवा म्हणीन."

या फाटक्या पंचमानंच मला बिघडवलं असावं. माणसाला हवं ते ऐकू द्यावं, असं मी धरून चाललो.

आता लिंबाजीबाबा.

पूर्णेला रेल्वेची माणसं पुष्कळ, आणि त्यांत आमच्या बाजारामागच्या वस्तीतली बौद्ध कुटुंबं पुष्कळ. लिंबाजीबाबा त्यांतले. जन्मभर रुळांवर गँगमनचं काम केलं. दिवसा सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, संध्याकाळी पेटी. त्यांची गायन पार्टी होती, स्वतः बांधलेली भीमगीतं म्हणायचे, स्वतःच पेटी वाजवायचे. गंगाखेडपासून हिंगोलीपर्यंत बोलावणं असायचं. मी धंदा सुरू केला तेव्हा मला दुकान नव्हतं. बाबांनी मला न विचारता त्यांच्या ओट्यावर पोतं अंथरलं आणि म्हणाले, "कोकण्या, इथं बस. सावली दुपारपस्तोर राहाती." पहिली पेटी त्यांनीच दिली, पुढच्या दहा त्यांनीच आणवल्या. मी त्या ओट्यावर चार वर्षं बसलो. त्यांच्या घरचं जेवलो. हे मी विसरणार नाही, आणि पुढं जे केलं ते यामुळंच केलं.

बाबांची पट्टी काळी चार. तरुणपणी भोंग्याशिवाय शेवटच्या माणसापर्यंत आवाज जायचा, असं ते सांगत, आणि ऐकलेली माणसंही सांगत. अकरा वर्षांमागं, जयंतीच्या आठवडाभर आधी, ते पेटी खांद्यावर घेऊन दुकानात आले. टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "पेटी वर चढली हाय रे. काळी चार दाबतो तर आवाज वर लागायलाय. उतरव जरा."

पेटी आपोआप वर चढत नाही. धुळीनं, ओलीनं उतरते. तरी मी करीमचाचांनी दिलेल्या सुराशी लावून बघितली. जिथल्या तिथं होती.

मी तेव्हा म्हणायला हवं होतं, बाबा, पेटी बरोबर आहे, गळा उतरलाय. सत्तरीला गळा उतरतोच, त्यात लाज कसली. दुसऱ्या पट्टीवर सा धरा. पण बाबांची बोटं एकाच वाटेनं जाणारी. गावाकडचे पुष्कळ पेटीवाले तसे असतात, एका पट्टीतून शिकतात, दुसरीत बोटं आंधळी होतात. आणि दुसरं, मला ते म्हणवेना. मी म्हणालो, "हो, चढली आहे थोडी. उद्या घेऊन जा."

त्या दिवशी मी दुकानाचं दार लोटून घेतलं आणि सगळे सूर काढून एकेक घर पुढं सरकवले. पेटी दुहेरी, एका पट्टीला दोन सूर; वरचे दोन उरले, ते डबीत ठेवले. खाली दोन घरं रिकामी पडली, तिथं भंगारातले जुने सूर घासून बसवले. झालं. आता बाबा काळी चार दाबणार आणि आवाज पांढऱ्या पाचचा येणार, एक पायरी खाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानातच गाऊन बघितलं. डोळे मिटले. म्हणाले, "आता बसली बग." जाताना माझ्या पाठीवर थाप मारली. मला दोन दिवस चांगलं वाटत होतं.

कुणाला कळलं नाही, कारण कळायचं कारणच नव्हतं. पार्टीत ढोलकी पेटीला धरून लावतात, बेंजो पेटीला धरून लावतात, कोरसवाले पेटीत आपला आवाज मिसळतात. सगळी पार्टी बाबांबरोबर एक पायरी खाली आली. चार वर्षांनी पेटी परत "वर चढली". पुन्हा तीन वर्षांनी. दर वेळी एक, अशी तीन घरं मी उतरवली: पांढरी पाच, काळी तीन, पांढरी चार. म्हणजे खरं म्हटलं तर बाबा पांढरी चारमध्ये गात होते आणि काळी चार म्हणून मिरवत होते.

मिरवत होते, तिथंच गोची झाली. कारण तुळशीराम.

तुळशीराममामा हे दुसऱ्या पार्टीचे गायक. बाबांचे लहानपणापासूनचे सोबती, आणि स्टेजवर विरोधक. दोन पार्ट्यांचा सवाल-जवाब लागला की लोक बैलगाड्या जुंपून यायचे म्हणे. मामांची पट्टीही काळी चार. पण सहा वर्षांमागं मामा स्वतःहून सगळ्यांसमोर म्हणाले, "आता झेपत न्हाई. मी पांढरी चारला गातो." त्यांना सगळ्या पट्ट्या वाजवता यायच्या. बस, सा बदलला, गायले.

बाबांनी त्यांना सोडलं नाही. चहाच्या टपरीवर, विहाराच्या पायरीवर, जिथं भेटतील तिथं. "काय तुळश्या, अजून किती खाली जातोस? तिथून पुढं विहीर लागती." मामा हसायचे. मी दोन-तीनदा तिथं होतो, हातात चहाचा ग्लास घेऊन. चहा संपवला आणि दुकानात आलो. एकदा गिरजामावशी, म्हणजे मामांच्या मंडळी, माझ्या दुकानात येऊन म्हणाल्या, "भाऊ, आमच्या ह्यांच्या पेटीला पण ते करा ना, बाबांच्या पेटीला काय करता ते. ह्यांनी बाहेरगावी गायाचं सोडून दिलं." त्यांना वाटत होतं मी गळ्याचं काही औषध करतो. मी म्हणालो, "मावशी, मी नुसती धूळ काढतो." हे वाक्य मला अजून टोचतं.

दोन हिवाळ्यांमागं मामा गेले.

यंदाच्या जयंतीला बाबांची नात प्रज्ञा आली. ती पुण्याला नोकरी करते, चोवीस वर्षांची आहे, आणि मित्रमैत्रिणींच्या गटात कीबोर्ड वाजवते. तिनं ठरवलं की या वर्षी आजोबांनी तिच्या कीबोर्डच्या साथीनं त्यांचं जुनं गाणं म्हणायचं आणि तिनं ते रेकॉर्ड करायचं. बाबांची त्या यंत्राशी सुरुवातीपासून कुरकुर. "ह्या फळीत हवा कुठं हाय? हवेबिगर गाणं कसं निगंल?"

"आजोबा, हवा तुमच्याकडं हाय ना. पुरं झालं."

"आन् माझं गाणं अकरा अंतऱ्यांचं हाय."

"लोक नव्वद सेकंदांच्या पुढं ऐकत न्हाईत आता."

"नव्वद सेकंदात मी खाकरतो," बाबा म्हणाले.

तीच प्रज्ञा शेजारच्या शाळकरी मुलींच्या मोबाईलवरचं गाणं ऐकून मला म्हणाली होती, "काका, ही नवीन पोरं काहीही ऐकतात ओ." मी तिच्याकडं नुसतं बघितलं.

जयंतीला तीन दिवस असताना सकाळी मला प्रज्ञाचा फोन आला, लगेच या. गेलो. अंगणात पेटीपुढं बाबा, कीबोर्डपुढं प्रज्ञा, आणि दोघांचे चेहरे भांडण झाल्यासारखे. बाबांनी काळी चार दाबली. तिनं काळी चार दाबली. जे निघालं ते ऐकून कोपऱ्यातली शेळी उठून उभी राहिली.

"सांग हिला," बाबा मला म्हणाले. "हिची फळी बेसूर हाय."

"आजोबा, ही बेसूर होऊच शकत न्हाई. कारखान्यातून लागून येती."

"मंग कारखाना बेसूर हाय. ह्या पेटीला ह्या माणसाचा हात हाय. चढली की ह्योच जाग्यावर आणतो."

दोघं माझ्याकडं बघायला लागले. मी कीबोर्डकडं वाकून म्हणालो, "सेटिंग बघा एकदा." एवढंच सुचलं.

प्रज्ञानं मोबाईल काढला. त्यात सूर मोजायची सोय असते. पेटीचा एकेक सूर तिनं मोजला, आणि मोजता मोजता तिचे हात सावकाश झाले. मग ती म्हणाली, "हां आजोबा, माझंच सेटिंग चुकलं होतं," आणि मला फाटकापर्यंत सोडायला आली.

"काका, तीन घरं. वरपासून खालपर्यंत सगळीकडं मोजून तीन. इतकी नीट कुठलीच पेटी बिघडत न्हाई. कुणी केलं?"

"मी," मी म्हणालो. आणि सांगितलं, का ते.

ती थोडा वेळ चपलेनं माती सारत राहिली. मला वाटलं रागावेल. ती म्हणाली, "माझ्या कीबोर्डला एक बटन हाय. तीन खाली घेतलं की मी काळी चार दाबीन आन् आवाज पेटीसारखाच येईल. त्यांना कळायचं न्हाई. मोजायचं काम मी एकटीच करते घरात."

माझ्या अंगावरून ओझं उतरल्यासारखं झालं. मी तिचे आभार मानले. घरी आलो, जेवायला बसलो आणि ताट बाजूला सारलं. मी बाबांसाठी खोटं केलं, ते माझ्यापुरतं होतं. आता ते मी एका मुलीच्या हातात दिलं. ती पुढं तिच्या व्हिडिओखाली काळी चार लिहिणार. अजून दहा वर्षांनी तीही कुणाला तरी हेच सांगणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा दुकानात आले. हातात प्लास्टिकच्या पिशवीत उसाचा रस, माझ्यासाठी. खुशीत होते. स्टुलावर बसले. म्हणाले, "जमलं रे. पोरीची फळी आली माझ्या पेटीवर. तिला सांगितलं, गळा राखावा लागतो. सगळे उतरले. तुळश्या उतरला. निष्ठा नव्हती त्याच्यात, पट्टी सोडली त्यानं. मी सोडली न्हाई."

मी रस खाली ठेवला.

"बाबा, तुम्ही पांढरी चारला गाता," मी म्हणालो. "मीच उतरवली पेटी. तीन घरं. ती कधीच वर चढली नव्हती."

बाहेर एक टेंपो मागं येत होता, त्याची शिट्टी वाजत होती. ती थांबल्यावर बाबांनी विचारलं,

"कवापासून?"

"पेटी वर चढली म्हणून पहिल्यांदा आलात तेव्हापासून. अकरा वर्षं."

त्यांनी स्वतःच्या बोटांकडं बघितलं. सब्बल धरून धरून ती बोटं पुरती सरळ होत नाहीत. मग त्यांनी जे विचारलं, त्याची मला भीती होती.

"तुळश्याला ठावं होतं?"

इथं मी खोटं बोलू शकलो असतो. मामा गेलेले, गिरजामावशींना माहीत नाही. मलाच काय ते माहीत होतं. मामांच्या शेवटच्या जयंतीला विहारासमोर एकाच स्टेजवर आधी मामा गायले, लगेच बाबा. मामा दुसऱ्या दिवशी माझ्याकडं आले. म्हणाले, "लिंब्या माझ्याच पट्टीत गायला काल. माझा कान अजून गेलेला न्हाई." मी हात जोडले. मामा म्हणाले, "हात कशाला जोडतोस. करतोस ते करत जा. त्याला सांगू नको, गायाचं सोडून दील तो."

हे सगळं मी बाबांना सांगितलं, मामांच्याच शब्दांत.

बाबांनी टोपी काढली, परत घातली. "मंग त्यो टपरीवर हसायचा त्ये..." म्हणाले आणि थांबले. उठताना मी हात द्यायला गेलो, तो त्यांनी घेतला नाही. दारात पाठमोरे उभे राहून म्हणाले, "काढलेले सूर ठिवले असतील तर घिऊन घरी ये. सगळे सूर जाग्यावर लाव. माझ्यादेखत."

तो दिवस आणि दुसरा अर्धा दिवस मी त्यांच्या अंगणात बसून काम केलं. बेचाळीस पट्ट्यांची दुहेरी पेटी, म्हणजे चौऱ्याऐंशी सूर, प्रत्येकाला दोन स्क्रू. बाबा समोर बसले होते, मांडीवर स्टीलचं ताट घेऊन. मी काढलेला स्क्रू ते ताटात ठेवायचे आणि हात पुढं केला की एकेक द्यायचे. प्रज्ञा चहा ठेवून जायची. तिनं एकदा मला विचारलं, "राग आलाय का आजोबांना?" बाबांनीच उत्तर दिलं, "राग माझा हाय, तुला कशाला मोजायचाय."

दुसऱ्या दिवशी, म्हणजे जयंतीच्या आदल्या दुपारी, शेवटचा सूर बसला. बाबांनी पेटी ओढली, भाता उघडला, काळी चार दाबली. अकरा वर्षांनी खरी. त्यांनी गाणं सुरू केलं. मुखडा कसाबसा निघाला. अंतऱ्याला जिथं आवाज वर जातो तिथं तो गेला नाही. खोकल्यासारखं काहीतरी झालं. परत सुरू केलं. परत तिथंच. तिसऱ्यांदा त्यांनी तोंड उघडलंच नाही, नुसती पेटी वाजवत राहिले, आणि पेटी गेली तिथं एकटीच वर गेली. मी खाली बघत होतो. मला वाटत होतं, मामा म्हणाले तेच झालं, मी बाबांचं गाणं बंद केलं.

त्यांनी भाता मिटला. प्रज्ञाला म्हणाले, "पांढरी चार तुला येती का?"

"मला कुठलीपण येती आजोबा."

"मला न्हाई येत," बाबा म्हणाले. "बोटं न्हाई जात माझी. तू वाजव. मी नुसतं म्हणतो."

"आन् पेटी?"

"पेटी घरी राहू दे."

मी घरी गेलो. बाबा मला ये म्हणाले नव्हते, येऊ नको म्हणाले नव्हते. जयंतीच्या संध्याकाळी मी विहारासमोरच्या मांडवात अगदी मागं, खांबाला टेकून उभा राहिलो. पुढं जुनी माणसं बसली होती, त्यांत गिरजामावशी, पांढरं लुगडं, मांडीवर कुणाचं तरी लेकरू. पाठीमागं तरुण पोरं, त्यांच्या गाड्यांवर मोठे स्पीकर, मिरवणूक कधी सुटते याची वाट बघणारी.

बाबा स्टेजवर आले आणि माईकपुढं उभे राहिले. मी त्यांना पेटीशिवाय कधी बघितलं नव्हतं. हातांचं काय करावं त्यांना कळेना. आधी माईकची वायर धरली, मग सोडली, मग शाळेतल्या पोरासारखे दोन्ही हात मागं घेतले.

म्हणाले, "मी काळी चारचा गवई म्हणून तुमी मला वळखता. अकरा वरसं मी त्या पट्टीत गायलो न्हाई. मला ठावं नव्हतं, पर गायलो न्हाई हे खरं हाय. तुळशीरामला ठावं होतं. त्याला मी चारचौघांत लय बोललो. आज मी त्याच्या पट्टीत म्हणणार हाय."

प्रज्ञानं पांढरी चार धरली. खरी पांढरी चार, बटनाशिवाय. बाबा गायले. आवाज तोच होता जो मी अकरा वर्षं ऐकत होतो. फक्त हात मोकळे होते, त्यामुळं तिसऱ्या अंतऱ्यापासून ते हातांनी गायला लागले, आमच्याकडं कोकणात दशावतारातला राजा बोलतो तसे. नव्वद सेकंद केव्हाच गेले. प्रज्ञानं मोबाईल आडवा लावून ठेवला होता, त्याकडं तिनं परत बघितलं नाही. मागची पोरं काही वेळ स्पीकरवर बसून राहिली, मग त्यांतली चार-पाच पुढं येऊन उभी राहिली. बाकीची आली नाहीत, हेही सांगायला हवं. अकराही अंतरे झाले.

बाबा पायऱ्या उतरून खाली आले. मीही गर्दीतून पुढं सरकलो होतो, पण त्यांच्यासमोर जायचं धाडस होत नव्हतं. ते माझ्याजवळून जाताना थांबले. म्हणाले, "कोकण्या, आज जेवायला घरी ये." आणि पुढं गेले, सरळ गिरजामावशींपाशी.

मावशींनी लेकरू खाली ठेवलं, पदर सारखा केला आणि त्यांच्याकडं नीट बघितलं.

"ह्या पट्टीत आमचे तुमच्यापरीस बरे म्हणायचे," त्या म्हणाल्या.

"व्हय वहिनी," बाबा म्हणाले. "लय बरं म्हणायचा."